सीडी रायटर: २४ एक्स की ५२ एक्स? वेगाने खरंच किती फरक पडतो?

सांगलीकरीण

आमच्या गायनवर्गाच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण ऑडिओ सीडीवर द्यायचं आहे. लांबी ६२ मिनिटं, प्रती १००. घेणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी जास्त. घरी जुने प्लेअर, गाडीत जुने डेक, त्यामुळे पेन ड्राइव्ह किंवा लिंक कृपया सुचवू नये. हाताशी यूएसबीवर चालणारा स्लिम रायटर आहे, खोक्यावर २४ एक्स लिहिलंय. दुकानदाराकडे डेस्कटॉपचा जुना ५२ एक्स रायटर आहे, तो म्हणतो काम निम्म्या वेळात होईल. कोऱ्या सीडींवरही ५२ एक्स छापलेलं आहे.

दोन प्रश्न. खरंच निम्मा वेळ लागेल का? आणि वेगात राइट केलेली सीडी जुन्या प्लेअरवर अडकते म्हणतात, त्यात तथ्य किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरपी चकती

निम्मा वेळ विसरा. खोक्यावरचा आकडा कमाल वेगाचा असतो, आणि तो वेग सीडीच्या अगदी बाहेरच्या कडेलाच गाठला जातो.

१ एक्स म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर (सीडीवरचे माहितीचे छोटे कप्पे). डेटा सीडीत १५० केबी, ऑडिओत १,७६,४०० बाइट. ८० मिनिटांची सीडी १ एक्सला ८० मिनिटं घेणार, १६ एक्सला ५ मिनिटं. १६ एक्सपर्यंतचे रायटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाच वेग ठेवायचे. त्यासाठी आतल्या बाजूला चकती जोरात फिरवायची आणि बाहेर जाता जाता फेरे कमी करायचे. याला सीएलव्ही म्हणतात. ५२ एक्सला हे जमत नाही. कडेशी ५२ एक्स गाठतानाच मिनिटाला १०,००० च्या वर फेरे होतात. तोच वेग आत हवा असेल तर फेरे दुपटीहून जास्त लागतील, आणि प्लॅस्टिकची चकती ते सोसणार नाही. म्हणून हे ड्राइव्ह फेरे कायम ठेवतात, म्हणजे सीएव्ही. माहिती २५ मिमी त्रिज्येपासून सुरू होते आणि ५८ मिमीला संपते, त्यामुळे सुरुवातीचा वेग ५२ गुणिले २५ भागिले ५८, म्हणजे २२ एक्सच्या आसपास. पूर्ण सीडीची सरासरी ३७ एक्स.

पूर्ण भरलेल्या ८० मिनिटांच्या सीडीला, फक्त लिहिण्याचा वेळ:

१६ एक्स सीएलव्ही: ५ मि. ०० से.
२४ एक्स सीएलव्ही: ३ मि. २० से.
३२ एक्स सीएव्ही: ३ मि. ३० से.
४० एक्स सीएव्ही: २ मि. ४८ से.
४८ एक्स सीएव्ही: २ मि. २० से.
५२ एक्स सीएव्ही: २ मि. ०९ से.

३२ एक्स सीएव्हीला २४ एक्स सीएलव्हीपेक्षा दहा सेकंद जास्त लागतात, ते बघा. आणि ४८ वरून ५२ ला गेल्यावर वाचतात फक्त अकरा सेकंद. तेवढ्यासाठी लोकांनी रायटर बदलले होते.

हळूच बरं

वेगाच्या भानगडीत पडूच नका. ऑडिओ सीडी ४ एक्सलाच राइट करायची, जमलं तर १ एक्सला. हळू लिहिलं की खड्डे खोल आणि नीट पडतात. १०० सीडींना वेळ लागेल, लागू दे.

निळी सायनाइन

हळूच बरं, हा सल्ला १९९९ च्या सीडीसाठी बरोबर होता. आजच्या ५२ एक्स छापलेल्या सीडीला तो नुकसान करू शकतो.

एक तर कोऱ्या सीडीत खड्डे पडतच नाहीत. ७८० नॅनोमीटरचा लेझर रंगद्रव्याचा थर तापवतो, आणि तापलेला ठिपका वाचताना काळपट दिसतो. ठिपक्याची खोली कोणी मोजत नाही, त्याची लांबी नेमकी हवी. सगळ्यात लहान ठिपका ३टी, सगळ्यात मोठा ११टी (टी हे ठिपक्याची लांबी मोजायचं एकक). १ एक्सला ३टी म्हणजे ६९४ नॅनोसेकंद, ५२ एक्सला साधारण १३. इतक्या थोड्या वेळात ठिपका उमटावा म्हणून अलीकडच्या सीडीतलं रंगद्रव्य पातळ आणि जास्त संवेदनशील केलेलं असतं, बहुतेक वेळा थॅलोसायनाइन. त्यावर ४ एक्सने रेंगाळत लेझर फिरवला की उष्णता पुढे पसरते, ठिपका लांबतो, त्याच्या कडा पुसट होतात. जिटर, म्हणजे ठिपक्यांच्या लांबीतली चूक, वाढतो. जुन्या सायनाइन रंगद्रव्याला जास्त उष्णता सोसायची, म्हणून तेव्हा हळू लिहिणं चालायचं.

दुसरं म्हणजे, कोणत्या सीडीला कोणत्या वेगाला लेझरची किती ताकद द्यायची आणि झोत कसा तोडायचा, याचं कोष्टक ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये असतं. सीडीच्या आतल्या कोऱ्या खोबणीत एटीआयपी नावाची माहिती कोरलेली असते, त्यावरून ड्राइव्ह सीडी ओळखतो. त्यात बनवणाऱ्या कंपनीची खूण वेळेच्या रूपात असते: ताइयो युदेनची ९७ मि. २४ से. ०१ फ्रेम, सीएमसीची ९७ मि. २६ से. ६६ फ्रेम, अशी. नव्या ड्राइव्हचं कोष्टक १६ ते ४८ साठी घोटून बसवलेलं असतं. ४ एक्सकडे कोणी ढुंकून बघितलेलं नसतं. बऱ्याच ड्राइव्हना ४ एक्स येतही नाही. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ४ निवडता आणि ड्राइव्ह गुपचूप आपल्या किमान वेगाला, ८ किंवा १० ला लिहितो. सीडी चांगली निघाली की श्रेय मात्र ४ एक्सला.

हळूच बरं

ठिपके, खड्डे, जे असेल ते. पण यामाहाने खास ऑडिओसाठी रायटर काढला होता ना, हळू लिहून उत्तम दर्जा देणारा? मग ते काय होतं?

निळी सायनाइन

सीआरडब्ल्यू-एफ१, २००२ सालचा. त्याचा कमाल वेग ४४ एक्स होता, म्हणजे यंत्र हळू अजिबात नव्हतं. त्यातल्या ऑडिओ मास्टर सोयीत लिहिण्याची रेषीय गती सेकंदाला १.४ मीटर धरून ठिपके लांब पाडले जायचे. लांब ठिपक्यात लांबीची थोडी चूक खपून जाते, म्हणून जिटर कमी. त्याबदल्यात जागा जायची: ७४ मिनिटांच्या सीडीवर ६३ मिनिटं, ८० मिनिटांच्या सीडीवर ६८. लिहितानाचा कमी वेग हा त्यातला एक भाग, ठिपक्याची लांबी हा मुख्य. कल्पना छान होती, पण आता तो ड्राइव्ह चालू स्थितीत शोधणं हाच एक उद्योग.

तिरपी चकती

सांगलीकरीण, आता तुमच्या ६२ मिनिटांचं गणित. ६२ मिनिटांत सीडी काठोकाठ भरत नाही, ५२.४ मिमी त्रिज्येला थांबते. म्हणजे ५२ एक्सचा ड्राइव्ह ५२ एक्सला पोचणारच नाही, ४७ च्या आसपास काम संपेल.

५२ एक्स सीएव्ही: १ मि. ४७ से.
२४ एक्स सीएलव्ही: २ मि. ३५ से.
१६ एक्स सीएलव्ही: ३ मि. ५२ से.
स्लिम ड्राइव्हचा २४ एक्स: ३ मि. ५२ से.

शेवटच्या दोन ओळी सारख्या आहेत, चुकून छापल्या गेलेल्या नाहीत. बहुतेक स्लिम ड्राइव्हचा २४ एक्स हा सीएव्ही असतो, १० एक्सच्या आसपास सुरू होऊन कडेला २४. त्यामुळे तुमच्या लांबीला तो १६ एक्स सीएलव्हीइतकाच पडतो.

यात प्रत्येक सीडीमागे ठरलेला खर्च मिळवा. चकती बसणं, ओळखणं, लेझरच्या ताकदीची चाचणी, लीड-इन आणि लीड-आउट (मजकुराच्या आधीचा आणि नंतरचा पट्टा), बाहेर येणं: ३० ते ४० सेकंद. हाताने बदलणं २० ते ३० सेकंद. ढोबळ मानाने एक मिनिट धरा. १०० सीडींना ५२ एक्सने सुमारे ४ तास ४० मिनिटं, १६ एक्सने ८ तास ५ मिनिटं. पण १६ एक्सचे दोन ड्राइव्ह एका वेळी चालवले तर काम ४ तासांत होतं, म्हणजे एका ५२ एक्सच्याही आधी. पैसे घालायचेच तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, मोठ्या आकड्यात घालू नका.

सोल्डरगन

+१. शिवाय दुकानदाराचा तो ५२ एक्स घ्यायच्या आधी त्याची मागची बाजू बघा. ५२ एक्सचे बहुतेक सीडी रायटर आयडीई जोडणीचे आहेत, रुंद पट्टीच्या केबलचे. आजच्या मदरबोर्डवर ते सॉकेट नसतं. अडॅप्टर मिळतो, पण जुना ड्राइव्ह, अडॅप्टर आणि वेगळा वीजपुरवठा असं लटांबर होतं, आणि वीस वर्षांच्या लेझरचा भरवसा नाही. नवा घ्यायचा तर डेस्कटॉपचा साटा डीव्हीडी रायटर घ्या. सीडी ४८ एक्सला लिहितो आणि स्वस्त आहे.

जुना पीसी आणि आयडीईच वापरणार असाल तर विंडोज एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्ह डीएमएवर (प्रोसेसरला न अडवता माहिती नेण्याची पद्धत) आहे ना ते तपासा. वारंवार त्रुटी आल्या की एक्सपी चॅनेल गुपचूप पीआयओवर टाकतो, त्यात सगळी माहिती प्रोसेसरलाच वाहावी लागते. मग प्रोसेसर शंभर टक्के, बफर (ड्राइव्हमधली तात्पुरती साठवण) सतत रिकामा, आणि ५२ एक्सचा ड्राइव्ह १६ एक्सच्या वेळात काम करतो. उपाय: ते चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करायचं. आणि बाहेरचा ड्राइव्ह यूएसबी १.१ पोर्टात असेल तर सेकंदाला जेमतेम १ एमबी मिळतं, म्हणजे सहा एक्सच्या वर जाणं नाही, ड्राइव्ह कितीचाही असो.

एक्सरे फिल्म

थोडं वेगळं विचारतो. सीटी स्कॅनच्या सेंटरमध्ये पेशंटला सीडी देतात, डेटा १५०-२०० एमबी. तिथे वेगवान ड्राइव्हने काही साधतं का?

तिरपी चकती

जवळपास काही नाही. २०० एमबी सीडीच्या आतल्या भागातच संपतं, ३७.५ मिमीला. ५२ एक्स सीएव्हीला ४९ सेकंद, २४ एक्स सीएलव्हीला ५७. फरक आठ सेकंदांचा. पहिल्या सेशनची लीड-इन आणि लीड-आउट मिळून ११,२५० सेक्टर, म्हणजे अडीच मिनिटांचा ट्रॅक. तो १६ एक्सला दहाएक सेकंद खातोच. वेळ वाचवायचा तर सॉफ्टवेअरमधून व्ह्यूअर प्रोग्राम प्रत्येक सीडीवर नव्याने गोळा करण्याऐवजी आधी तयार ठेवा. व्हेरिफाय, म्हणजे लिहून झाल्यावरची पडताळणी, मात्र बंद करू नका. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांपुढे सीडी उघडली नाही तर पेशंटची अख्खी खेप वाया जाते.

सांगलीकरीण

गणित पटलं, नवा ड्राइव्ह एक घेते. पण दुसरा प्रश्न राहिला. जुन्या प्लेअरला चालेल अशी सीडी कोणत्या वेगाला? आणि ती चांगली झाली हे कळणार कसं?

निळी सायनाइन

१६ किंवा २४. डेस्कटॉप ड्राइव्हवर १६ ने सुरुवात करा, स्लिमवर त्याचा मधला वेग, १६ मिळाला तर तोच. पण मी म्हणतो म्हणून नको, तपासून ठरवा. एकाच पाकिटातल्या तीन सीडी घ्या, तिन्हींवर तोच ६२ मिनिटांचा मजकूर ८ किंवा १०, १६ आणि २४ ला लिहा आणि त्रुटी मोजा.

सीडीत त्रुटी सुधारण्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात ज्या सापडतात त्या सी१, पहिल्याला न पेललेल्या सी२ कडे जातात. मानकाप्रमाणे सी१ पातळीवर सेकंदाला सरासरी २२० पर्यंत चालतं. प्रत्यक्षात ती मर्यादा फार सैल आहे. चांगल्या सीडीत सरासरी दोनेकच्या आत, शिखर ५० च्या आत आणि सी२ शून्य असायला हवं. एकही सी२ दिसला तर ती सीडी घरच्या प्लेअरवर आज वाजेल, दोन उन्हाळ्यांनंतर सांगता येत नाही.

मोजायला लाइटऑन किंवा प्लेक्सटरचा ड्राइव्ह लागतो, सोबत नीरो डिस्कस्पीड, लिनक्सवर क्यूपीएक्सटूल. बहुतेक स्लिम ड्राइव्ह हे आकडे देतच नाहीत. तसं असेल तर वाचनाच्या वेगाचा आलेख काढा. रेघ सरळ वर चढत गेली तर ठीक. शेवटाकडे दाते पडले, ड्राइव्ह अचानक मंद झाला, की कडेचा भाग कच्चा समजावा. वेगात लिहिलेल्या सीडीचं दुखणं जवळपास नेहमी कडेलाच असतं, कारण वेग सर्वांत जास्त तिथे, चकतीचा डोलही तिथेच जास्त, आणि कारखान्यात रंगद्रव्याचा थर पसरवताना जाडी बिघडते तीही तिथेच. तुमची ६२ मिनिटं कडेपासून साडेपाच मिमी आधी संपतात ही चांगली गोष्ट आहे. त्यात बोनस गाणी घालून ७९ मिनिटं करायचा मोह टाळा.

हळूच बरं

त्रुटी मोजण्याचं मान्य. मीही १६ वर येतो, पण ५२ ला कोणी ऑडिओ लिहू नये यावर तरी एकमत आहे ना?

निळी सायनाइन

आहे. चांगल्या सीडीवर, चांगल्या ड्राइव्हवर ५२ लाही सी२ शून्य येऊ शकतो. पण वाचणारी मिनिटं आणि पत्करलेला धोका यांचं गणित १०० प्रतींच्या कामात जुळत नाही.

सोल्डरगन

राइट करताना हे पाळा:

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झचं असेल तर आधी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्हमध्ये बदलून हार्ड डिस्कवर ठेवा. ६२ मिनिटांची फाइल साधारण ६५६ एमबी होईल. एमपी३ थेट ओढून लिहायला लावलं की सॉफ्टवेअर लिहिता लिहिता उलगडत बसतं. बफर रिकामा झाला तर आजचे ड्राइव्ह थांबून पुन्हा जोडून लिहितात, सीडी वाया जात नाही. सान्योचं बर्न-प्रूफ २००० साली प्लेक्सटरच्या १२ एक्समध्ये आलं तेव्हापासून ही सोय आहे. त्याआधी २ एमबीचा बफर ८ एक्सला दीड सेकंदात संपायचा आणि चकती कचऱ्यात जायची. पण जोड तो जोडच, ऑडिओत नसलेला बरा.

ट्रॅक-ॲट-वन्स नको, डिस्क-ॲट-वन्स निवडा. पहिल्या प्रकारात लेझर प्रत्येक ट्रॅकनंतर बंद होतो, मध्ये दोन सेकंद मोकळे जातात आणि काही प्लेअरवर खट्ट आवाज येतो. बैठकीत आलाप पुढच्या बंदिशीत मिसळत असेल तर ते फार खटकतं. सीडी फायनलाइझ झालेली, म्हणजे शेवटी बंद केलेली हवी, नाहीतर जुना प्लेअर ट्रॅकची यादीच दाखवणार नाही.

सीडी-आरच घ्या. सीडी-आरडब्ल्यूवरून १५ ते २५ टक्के प्रकाश परततो, साध्या सीडी-आरवरून ६५ च्या वर. जुन्या डेकचा सेन्सर पहिलीला बघून नो डिस्क म्हणतो, कितीही एक्सने लिहा.

कागदी कपटे

कागदी लेबल चिकटवणार असाल तर ती वेगाशी थेट निगडित गोष्ट आहे. अर्धा मिमी सरकलेलं लेबल १ एक्सच्या प्लेअरमध्ये कळत नाही, पण कोणी ती सीडी संगणकात घातली की ४८ एक्सला थरथरते आणि ड्राइव्ह वाचायचा वेग टाकतो. गाडीच्या डेकमध्ये उन्हाने डिंक सुटून लेबल आत सोलतं, मग सीडी बाहेरच येत नाही. पृष्ठभाग छपाईचा असेल अशा पांढऱ्या सीडी घ्या आणि इंकजेटने छापा, किंवा पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा पेन वापरा. बॉलपेन मुळीच नको. रंगद्रव्य आणि परावर्तक थर लेबलाच्या बाजूलाच आहेत, वर फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा. खालच्या बाजूला १.२ मिमी प्लॅस्टिक असतं, तिथला हलका ओरखडा त्यामानाने परवडतो.

सांगलीकरीण

पांढऱ्या छपाईच्या सीडी मिळतायत. एक शंका: स्लिम ड्राइव्हवर चाचणी केली तर १० ला व्यवस्थित झाली, २४ ला सुरुवातीलाच त्रुटी येऊन बंद पडली. सीडी खराब की ड्राइव्ह?

सोल्डरगन

बहुतेक वीज. यूएसबी २ पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअर देतो. जास्त वेगाला मोटर उचलताना आणि लेझरची ताकद तपासताना स्लिम ड्राइव्ह क्षणभर त्याहून जास्त ओढतो, व्होल्टेज पडतं, आणि लीड-इनमध्येच गाडी अडकते. ड्राइव्ह हबमधून काढून थेट मागच्या पोर्टात लावा, जमलं तर यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात. केबल लांब असेल तर आखूड घ्या. दोन तोंडांची केबल सोबत आली असेल तर दुसरं तोंडही लावा. तरीही २४ ला पडला तर १६ करून बघा. तुमच्या ६२ मिनिटांत फरक थोडाच, आणि तेवढ्यात दुसऱ्या ड्राइव्हची सीडी बदलून होते.